पुण्यात जन्मलेल्या छत्रीसैनिकाच्या फिती : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४

वाचनालयानं जिन्याशेजारची भिंत दिली. तीन फूट बाय दोन फूट, वर ट्यूबलाइट आहे. पुढच्या महिन्यात आर्न्हेमच्या लढाईला ८० वर्षं होतात, त्या निमित्तानं एका माणसाचा फलक करायचा. विषय माझाच, आणि तो बरीच वर्षं मनात आहे.

नेदरलँड्समधल्या आर्न्हेम शहरात ऱ्हाइन नदीच्या फाट्यावर एक पूल आहे. १९७८ पासून त्याला जॉन फ्रॉस्टचं नाव आहे. १९४४ साली या पुलाचं उत्तरेकडचं टोक धरून बसलेल्या ब्रिटिश छत्रीसैनिकांचा हा प्रमुख. जन्म ३१ डिसेंबर १९१२, पुणे. वडील हिंदुस्थानी लष्करात होते. पुण्यात निदान शंभर जणांना विचारलं असेल. कुणालाच हे माहीत नव्हतं.

फलकाचं ठरलं ते असं. युद्धातली छायाचित्रं कुठंही पाहायला मिळतात, ती नकोत. नकाशे दोनच. मधोमध खऱ्या मापात, हातानं शिवलेली पदकांच्या फितींची ओळ. धातूची पदकं समारंभापुरती छातीवर येतात. रोजच्या गणवेशावर असते ती फक्त फितींची पट्टी, आणि सोबतचे लोक बघतात ती तीच. ती वाचता आली तर माणूस कुठं कुठं गेला होता ते बोलल्याशिवाय कळतं.

७ ऑगस्ट

ओळ पक्की केली. बघणाऱ्याच्या डावीकडून: डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर), मिलिटरी क्रॉस, १९३९–४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, फ्रान्स अँड जर्मनी स्टार, वॉर मेडल. सात फिती. पहिल्या दोन शौर्याच्या आणि नेतृत्वाच्या. बाकीच्या त्या त्या रणभूमीवर असल्याच्या, त्या नियमानंच मिळतात. १९६४ साली मिळालेला सीबी हा किताब शांततेच्या काळातला आहे, तो या ओळीत घेत नाही. मला युद्धातला माणूस दाखवायचा आहे.

सुरुवातीचं आयुष्य दोन ओळींत आटपलं: सँडहर्स्ट, १९३२ साली कॅमेरोनियन्स या स्कॉटिश पलटणीत अधिकारी, पुढं इराकमध्ये हब्बानिया इथं इराक लेव्हीज या दलात. यातली एकच गोष्ट मोठ्या अक्षरांत घेतली. इराकमधल्या सोबत्यांनी निरोपाच्या वेळी त्याला शिकारीचं तांब्याचं शिंग भेट दिलं. घोड्यावरून शिकारीला जाताना कुत्रे गोळा करायला फुंकतात तसलं, वीतभर लांबीचं. हे शिंग पुढं लढाईत वाजणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

११ ऑगस्ट

मिलिटरी क्रॉसचा मजकूर लिहिला. पांढरी, जांभळी, पांढरी फीत. ब्रूनव्हाल.

सगळ्यांत जास्त वेळ यात गेला, आणि जावा अशीच ती रात्र आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ल हाव्र बंदराच्या उत्तरेला, समुद्रावरच्या उंच कड्यावर जर्मनांचं व्युर्ट्सबुर्ग जातीचं रडार होतं. ब्रिटिश विमानं नेमकी कशानं टिपली जातात ते कळण्यासाठी ते उघडून त्याचे भाग इंग्लंडला आणायचे होते. समुद्रातून चढाई केली तर कड्यावर माणसं मेलीच असती. म्हणून आकाशातून जायचं आणि समुद्रातून परतायचं.

२७ फेब्रुवारी १९४२ ची रात्र, जमिनीवर बर्फ. दुसऱ्या पॅराशूट बटालियनची सी कंपनी, सुमारे १२० माणसं, व्हिटली जातीच्या जुन्या बॉम्बफेकी विमानांतून निघाली. या विमानाला उडी मारायला दार नव्हतं. जमिनीला गोल भोक होतं, त्यात पाय सोडून बसायचं आणि सरळ खाली जायचं. जरा पुढं झुकलं की समोरच्या कडेवर तोंड आपटे. ब्रिटिश छत्रीसैनिकाच्या अंगावर छत्रीही एकच असायची, राखीव दुसरी नाही. भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मामा, एकच?”

सोबत कॉक्स नावाचा हवाई दलाचा तंत्रज्ञ होता. युद्धाआधी तो सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचा, आणि या मोहिमेसाठी निवड होईपर्यंत कधी विमानात बसलेला नव्हता. त्याला उडी मारायला शिकवलं आणि शत्रूच्या कड्यावर अंधारात रडार खोलायला नेलं. इंजिनिअर्सचा लेफ्टनंट व्हर्नन त्याच्याबरोबर होता. फ्रॉस्टनं रडाराजवळच्या बंगल्याच्या दाराशी जाऊन शिट्टी फुंकली, आणि चारी बाजूंनी एकदम हल्ला झाला. गोळ्या येत असताना यांनी भाग काढले. जे निघाले नाहीत ते तोडून आणले. एक तुकडी दोनेक मैल अलीकडं उतरली होती, ती पळत पळत येऊन किनाऱ्याच्या लढाईत मिळाली. बोटींशी वायरलेस लागेना. शेवटी आकाशात प्रकाशगोळे सोडले आणि नौदलाच्या बोटी आल्या.

दोन मेले, सहा मागं राहून कैदी झाले. रडाराचे भाग आणि रडार चालवणारा एक जर्मन कैदी इंग्लंडला पोचले. फ्रॉस्टला मिलिटरी क्रॉस मिळाला, कॉक्सला मिलिटरी मेडल. त्या काळी अधिकाऱ्याला क्रॉस आणि इतर दर्जांना मेडल असे वेगळे सन्मान होते. दोघं त्याच कड्यावर, त्याच गोळ्यांत होते, हे फलकावर एका ओळीत लिहिलंय. ती ओळ कापायची नाही.

१४ ऑगस्ट

रविवार पेठेत बोहरी आळीत फिती शोधत तीन तास. ब्रिटिश स्टारची फीत ३२ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सव्वा इंच. तयार पट्ट्यांची फीत अर्थातच मिळत नाही. सॅटिन फार चमकतं, म्हणून बारीक आडव्या रेघांची जाड फीत घेतली आणि रंगांच्या अरुंद पट्ट्या तिच्यावर शिवायच्या ठरवल्या. दोन निळे लागतात, गडद आणि आकाशी. एका दुकानदारानं कशाला हवंय विचारलं. सांगितलं, तर आतून जुना साठा काढून दिला आणि पैसे कमीच घेतले.

१८ ऑगस्ट

१९३९–४५ स्टारची फीत झाली. गडद निळा, लाल, आकाशी अशा तीन सारख्या पट्ट्या: नौदल, लष्कर, हवाई दल. भाचीनं विचारलं, वरची बाजू कुठली, डावी कुठली? बरं झालं विचारलं. गडद निळी पट्टी छातीच्या मध्याकडं, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडं येते. उलटं लावलं तर आधी हवाई दल येईल, आणि जाणत्याच्या डोळ्याला ते लगेच खुपेल. आफ्रिका स्टारलाही हाच नियम.

२२ ऑगस्ट

डीएसओ. किरमिजी फीत, दोन्ही काठ निळे. ट्युनिशिया.

हा भाग लिहिताना दोनदा उठून चकरा मारल्या. २९ नोव्हेंबर १९४२ रोजी दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५३० जण ४४ डकोटा विमानांतून द्यप्येन गावाजवळ उतरले. काम होतं ऊदना विमानतळावरची शत्रूची विमानं नष्ट करण्याचं. रात्रभर डोंगरातून चालले. जड सामान वाहायला वाटेत मिळालेल्या गाड्या आणि जनावरं. दुसऱ्या दिवशी ऊदनाला पोचले, तर तळावर एकही विमान नाही.

त्यानंतर कळलं की ज्या फर्स्ट आर्मीनं येऊन त्यांना गाठायचं होतं तिची ट्युनिसकडची चढाई थांबली आहे. म्हणजे शत्रूच्या मुलखात पन्नासेक मैल आत, पायी, तुटपुंजा दारूगोळा, पाणी नाही आणि मागं रणगाडे. दिवसा टेकडीवर लढायचं आणि रात्री चालायचं. अंधारात पांगलेली माणसं गोळा करायला फ्रॉस्टनं इराकमधलं ते शिंग वाजवलं. ३ डिसेंबरला मजाझ अल बाबजवळ आपल्या फौजेच्या हद्दीत पोचले तेव्हा १६ अधिकारी आणि २५० जवान मागं राहिले होते: मेलेले, जखमी, पकडलेले.

ज्या विमानांसाठी ही माणसं गेली ती तिथं नव्हतीच. फ्रॉस्टला डीएसओ मिळाला तो उरलेल्यांना परत आणल्याबद्दल. किरमिजी फीत बघून हे कुणाला कळत नाही. फलकावर यासाठीच पाच इंच जागा राखली, सगळ्यांत जास्त.

२५ ऑगस्ट

चूक दुरुस्त केली. आफ्रिका स्टारच्या फितीवर मी पत्र्याचा छोटा ८ कापून लावला होता. एल अलामीनची लढाई, सेनापती मॉन्टगोमेरी, त्याची एट्थ आर्मी म्हणजे आठवी फौज, हे सगळं इतकं डोक्यात बसलंय की आफ्रिका म्हटलं की ८च आठवतो. पण फ्रॉस्टची बटालियन पश्चिमेकडून, अल्जीरियातून आलेल्या फर्स्ट आर्मीबरोबर लढली. त्यांच्या फितीवर १ हवा. एका आकड्यानं माणूस वाळवंटाच्या दुसऱ्याच टोकाला गेला असता. ८ काढला, १ लावला. फितीचा रंग वाळूचा, मधोमध लाल पट्टी, एका बाजूला गडद निळी रेघ आणि दुसऱ्या बाजूला आकाशी.

याच ट्युनिशियात १९४३ च्या लढायांत जर्मनांनी या छत्रीसैनिकांना ‘लाल सैतान’ म्हटलं. ते नाव पुढं त्यांनी स्वतःच अभिमानानं घेतलं.

२८ ऑगस्ट

इटली स्टार. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. सिसिली यातच मोडते. जुलै १९४३, प्रिमोसोले पूल. १,८५६ जण आफ्रिकेतून निघाले. आपल्याच जहाजांनी विमानांवर तोफा डागल्या, विमानं पांगली, आणि प्रत्यक्ष पुलाशी तीनशेसुद्धा पोचले नाहीत. एवढंच लिहिलं.

पण ही फीत शिवताना हात थांबला. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला आणि तिथंच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत लढलेल्या त्याच्या बटालियनच्या जवानांच्या छातीवर हीच लाल-पांढरी-हिरवी फीत आली. आणि हीच तिसरी बटालियन युद्धानंतर छत्रीधारी झाली. तीच आजची दुसरी पॅरा, बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरलेली. फ्रॉस्टच्या फलकावर याला जागा नाही, तरी खाली बारीक अक्षरांत दोन ओळी घातल्या. वाचनालयातले लोक त्या दोन ओळींशी नक्की थांबतील.

१ सप्टेंबर

साताऱ्याकडच्या मित्राला इटलीचं सांगितलं तर तो आज आजोबांचा स्टार घेऊन आला. इटली स्टार, फीत पार विरलेली. सहा टोकांचा पिवळसर तारा, मधे मुकुट आणि राजाची अक्षरं. खाचांत हळदकुंकू बसलंय. दर दसऱ्याला देव्हाऱ्यापुढं ठेवतात. मी तो पालथा केला. मागं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली. मित्रालाही ते ठाऊक नव्हतं. काही वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सांगण्यासारखी गोष्ट ही की ब्रिटिश सैनिकांना या युद्धाचे स्टार कोरे मिळाले. मागं नाव नाही. हिंदुस्थानी, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकी सैनिकांच्या स्टारवर नावं घातली गेली. म्हणजे साताऱ्याच्या जवानाचा तारा कुठंही सापडला तरी त्याचाच राहील, आणि फ्रॉस्टच्या बटालियनमधल्या साध्या जवानाचा तारा पेटीतून एकदा बाहेर गेला की कुणाचाही होतो.

यानं फलकाची मांडणी बदलते आहे. दोन दिवस विचार करतो.

५ सप्टेंबर

आर्न्हेम. फ्रान्स अँड जर्मनी स्टार: निळा, पांढरा, लाल, पांढरा, निळा. ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्स, तिन्ही देशांच्या झेंड्यांत हेच तीन रंग आहेत. आणि डीएसओ दुसऱ्यांदा मिळाल्याचा बार. नुसत्या फितीवर तो चांदीच्या छोट्या फुलानं दाखवतात. फुलासाठी जुन्या पैंजणाचं एक फूल भाचीनं घासून दिलं.

१७ सप्टेंबर १९४४, रविवार. ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन पुलापासून आठ मैलांवर उतरली. इतक्या लांब उतरवणं हीच मोठी चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. उतरल्यावर पहिले तास शत्रू गोंधळलेला असतो, आणि तेच चालण्यात गेले. फ्रॉस्टची बटालियन नदीकाठच्या रस्त्यानं निघाली. वाटेतला रेल्वेचा पूल त्यांच्या डोळ्यांदेखत उडवला गेला. संध्याकाळी ते मोठ्या पुलाच्या उत्तर टोकाशी पोचले आणि आजूबाजूच्या घरांत शिरले. मागून येणाऱ्या बटालियन पुलापर्यंत येऊच शकल्या नाहीत. वायरलेस चालेना. संपूर्ण डिव्हिजननं ४८ तास धरायचा पूल साधारण ७४० माणसांनी तीन दिवस आणि चार रात्री धरला.

१८ तारखेच्या सकाळी ग्रेब्नर हा जर्मन अधिकारी चिलखती गाड्यांचा ताफा घेऊन दक्षिणेकडून पूल ओलांडायला आला. डझनभर गाड्या पुलावरच जळाल्या, तोही मेला. त्यानंतर जर्मनांनी एकेक घर तोफांनी आणि आगीनं संपवायला घेतलं. मेजर टेथम-वॉर्टर छत्री घेऊन रस्त्यातून फिरत होता; पॅराशूट नव्हे, पावसाची छत्री. माणसांचा धीर टिकावा म्हणून.

२० तारखेला उखळी तोफेच्या गोळ्यानं फ्रॉस्टचे पाय जखमी झाले. तळघरात जखमी भरलेले, वर घर पेटलेलं. संध्याकाळी जखमींना बाहेर काढण्यापुरती लढाई थांबवली, आणि फ्रॉस्ट जर्मनांच्या हाती गेला. त्याच संध्याकाळी दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेनं नायमेखेनचा पूल घेतला. मधे दहाबारा मैल राहिले होते.

याच पुलाशी लेफ्टनंट जॉन ग्रेबर्न तीन दिवस जखमी अवस्थेत लढत राहिला आणि २० च्या रात्री मेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्याचा जन्म १९१८ चा, कराचीजवळच्या मनोरा बेटावरचा, आणि तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. एकाच पुलावरची ही दोन माणसं मुंबई इलाख्यात जन्मलेली! दिल्लीत १९४१ साली ब्रिटिश सैनिकांतून उभी राहिलेली छत्रीधारी बटालियनही १५६ या नंबरानं आर्न्हेमला होती, पुलापासून काही मैलांवर, झाडीत.

डिव्हिजनचे सुमारे दहा हजार जण नदीच्या त्या बाजूला गेले. २५ तारखेच्या रात्री नदी ओलांडून परतले ते चोवीसशेच्या आसपास.

हे लिहून झाल्यावर ओळीकडं पुन्हा बघितलं. तीन सन्मान. पहिल्यात काम फत्ते झालं. दुसऱ्यात काम तिथं नव्हतंच. तिसऱ्यात पूल गेला.

९ सप्टेंबर

गणपती बसलेत, घरात पाहुणे. रात्री अकरानंतर वॉर मेडलची फीत पूर्ण केली. लाल, निळा, पांढरा, मधे लाल रेघ, परत पांढरा, निळा, लाल. सातही पट्ट्या सरळ येईपर्यंत तीनदा उसवली. छापून आलेल्या मजकुरात निळा रंग जांभळा उतरलाय, त्यामुळं फ्रान्सची फीत मिलिटरी क्रॉससारखी दिसते. परत पाठवलं.

१२ सप्टेंबर

ठरलं. फ्रॉस्टच्या ओळीखाली दुसरी ओळ. दुसऱ्या बटालियनचा एक जवान धरायचा, नाव न घालता: ट्युनिशियात फर्स्ट आर्मीबरोबर, मग सिसिली, मग पुलावर. त्याच्या फिती: १९३९–४५, आफ्रिका आणि त्यावर १, इटली, फ्रान्स अँड जर्मनी, वॉर मेडल. फ्रॉस्टच्या शेवटच्या पाच फितींशी तंतोतंत सारख्या. डावीकडच्या दोन जागा मोकळ्या सोडायच्या, ओळ ओढून मधे घ्यायची नाही.

भाची म्हणाली, मोकळं बघून लोकांना वाटेल फिती पडल्या. विचार केला. तरी मोकळंच.

खाली एक वाक्य: हे तारे कोरे दिले गेले, मागं नाव नाही.

१७ सप्टेंबर

आज ऐंशी वर्षं, आणि आज अनंत चतुर्दशी. फलक आजच लावायचा होता, पण सकाळपासून रस्ते बंद, वाचनालयही बंद. मिरवणुकीतून कसाबसा घरी आलो. रात्री गच्चीत ढोल ऐकू येत असताना मजकूर शेवटचा वाचला. दोन ठिकाणी ‘वीरगती’ लिहिलं होतं, तिथं ‘मेले’ केलं. त्या जखमींच्या तळघराच्या वर्णनाशेजारी मोठा शब्द शोभत नव्हता.

फ्रॉस्ट कैदेतून १९४५ साली सुटला, पुढं मेजर जनरल झाला, निवृत्तीनंतर ससेक्समध्ये गुरं पाळली आणि १९९३ च्या मे महिन्यात वारला. हे शेवटच्या ओळीत बसवलं.

२१ सप्टेंबर

फलक लागला. दोन स्क्रू भिंतीत धरेनात, लाकडाच्या खुंट्या ठोकून घेतल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात किरमिजी फीत तपकिरी दिसते, दिवा बदलायला सांगितलाय.

मित्रानं आजोबांचा स्टार आठ दिवसांसाठी दिला. काचेच्या छोट्या पेटीत दुसऱ्या ओळीच्या बरोबर खाली ठेवला, पालथा. शेजारी भिंग. दुपारी त्याची आत्या साताऱ्याहून आली, त्या जवानाची धाकटी मुलगी, वय ऐंशीच्या पुढं. “उलटा का ठेवलाय हो?” म्हणाली. भिंग हातात दिलं. पेटीवर वाकून तिनं अक्षरं लावली, नंबर सोडून दिला, आणि वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं.